वीज तोडण्याआधीचे पंधरा दिवस

झाशीच्या जुन्या तटबंदीतल्या ओरछा गेटमधून निघालेला रस्ता बेतवाकाठच्या ओरछ्याला जातो. अंतर पंधरा-वीस किलोमीटरचे. पण तेवढ्यात राज्य बदलते, कारण ओरछा मध्य प्रदेशच्या निवाडी जिल्ह्यात आहे. राज्याबरोबर वीज देणारी कंपनीही बदलते. गेटच्या आतबाहेरच्या वस्तीला वीज पुरवते ती आग्र्याहून कारभार चालवणारी दक्षिणांचल विद्युत वितरण निगम, तर ओरछ्याला वीज मिळते जबलपूरच्या पूर्व क्षेत्र कंपनीकडून. एकीवर लखनौच्या नियामक आयोगाची देखरेख, दुसरीवर भोपाळच्या आयोगाची. दर वेगळे, पुरवठा संहिता वेगळी. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्यामुळे हे असे होते.

मात्र रस्त्याच्या दोन्ही टोकांना एक कायदा सारखाच लागू आहे. तो म्हणजे केंद्राचा २००३ सालचा वीज अधिनियम. त्याचे ५६ वे कलम सांगते की, बिल थकले तर कंपनी वीज तोडू शकते, पण त्याआधी ग्राहकाला पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. आजचे भाषण या १५ दिवसांविषयी आहे. ते कोठून आले, त्यांत काय करता येते आणि ते हातातून कसे निसटू पाहत आहेत, हे प्रत्येक ग्राहकाला माहीत असायला हवे.

१८८६ साली इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत केला आणि बदल्यात झाशी पुन्हा आपल्याकडे घेतली. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातला विजेचा पहिला कायदा झाला. त्या कायद्याला चिंता होती ती विजेपासून माणसांना आणि मालमत्तेला होणाऱ्या इजेची. ग्राहक म्हणावा असा वर्ग तेव्हा जवळजवळ नव्हताच. १९०३ चा कायदा आला, मग १९१० चा. हा १९१० चा कायदा अनेक दुरुस्त्यांसह २००३ पर्यंत टिकला. त्याच्या २४ व्या कलमात स्पष्ट लिहिले होते की, पैसे थकवणाऱ्याची वीज तोडायची तर किमान सात पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी. वीज विकणारे तेव्हा खासगी परवानाधारक होते आणि राज्य परके होते. तरीही अंधार करण्याआधी माणसाला सावध करावे, एवढे त्या कायद्याला कळत होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे उभी राहिली. उत्तर प्रदेशचे १९५९ साली स्थापन झाले, महाराष्ट्राचे १९६० साली. उत्तर प्रदेशचे मंडळ जानेवारी २००० मध्ये विभागले गेले आणि २००३ मध्ये झाशी दक्षिणांचलच्या वाट्याला आली. त्याच वर्षी १० जूनपासून नवा अधिनियम अमलात आला आणि सातांचे पंधरा दिवस झाले.

या पंधरा दिवसांत करण्यासारखे पुष्कळ आहे. बिल चुकीचे वाटत असेल तर ग्राहकाने हरकत घ्यावी आणि तो वाद मिटेपर्यंत कंपनीने मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. एवढे केले की वीज तोडता येत नाही. ही तरतूद खुद्द कलम ५६ मध्ये आहे, आणि कायद्यातली सर्वांत कमी वापरली जाणारी तरतूद तीच असावी. महिन्याला आठशे रुपये भरणाऱ्या घरात अचानक चाळीस हजारांचे बिल आले, तर घरातली माणसे उधार-उसनवार करतात किंवा कंपनीच्या कार्यालयात हेलपाटे घालतात. सरासरीएवढी रक्कम भरून लेखी तक्रार देण्याचा हक्क आपल्याला आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

दुसरी तरतूद जुन्या थकबाकीची. एखादी रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षे लोटली आणि त्या काळात ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवली नसेल, तर कंपनीला ती वसूल करता येत नाही. इथे एक बारकावा आहे. अजमेरच्या वीज कंपनीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की, कंपनीला आपली चूक नंतर सापडली तर ती पुरवणी बिल देऊ शकते, मात्र दोन वर्षांची मुदत उलटल्यावर त्या रकमेसाठी वीज तोडण्याचा धाक घालता येणार नाही.

भाडेकरूंसाठीही न्यायालयाचा शब्द आहे. झाशीसारख्या कोणत्याही जुन्या शहरात पिढ्यानपिढ्या भाड्याने राहणारी कुटुंबे असतात. घरमालक ना-हरकत पत्र देत नाही म्हणून त्यांची जोडणी अडते. मे २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालकाच्या नकारापोटी भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत खरोखर राहतो का, एवढेच कंपनीने पाहायचे.

चोरीची गोष्ट मात्र निराळी. तारेवर आकडा टाकला, झाशीकडच्या बोलीत कटिया लावली, तर कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे आणि तिथे १५ दिवसांची नोटीस मिळत नाही. वीज तत्काळ तोडता येते. पण तिथेही कायद्याने कंपनीला मोकळे सोडलेले नाही. तोडल्यापासून २४ तासांत पोलिसांत लेखी तक्रार द्यावी लागते आणि आकारणीची रक्कम भरल्यावर ४८ तासांत पुरवठा पुन्हा सुरू करावा लागतो. घरगुती जोडणीवर दुकान चालवणे ही सहसा चोरी मानली जात नाही. तो कलम १२६ खालचा अनधिकृत वापर. दर दुप्पट लागतो, पण आधी तात्पुरती आकारणी हातात पडते आणि तिच्यावर हरकत घेता येते.

म्हणजे चोर ठरवलेल्या माणसासाठीही कायद्याने तास मोजून ठेवले आहेत. ज्याच्या प्रीपेड, म्हणजे आधी पैसे भरायच्या मीटरमधले पैसे संपले, त्याच्यासाठी मात्र तेवढेही नाहीत.

केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. त्यांत चांगले बरेच आहे. नव्या जोडणीच्या मुदती त्यांनीच ठरवल्या आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर नगरपालिका क्षेत्रात ती सात दिवसांत द्यावी लागते. पण त्याच नियमांनी प्रीपेड मीटरचा रस्ता आखला. खात्यातली रक्कम संपली की पुरवठा आपोआप थांबेल अशी व्यवस्था करता येईल, आणि हे थांबणे म्हणजे वीज तोडणे मानले जाणार नाही, असे त्यांत म्हटले आहे. तोडणेच नाही, तर नोटीस कशाची? १९१० पासून चालत आलेला सावध करण्याचा काळ असा एका ओळीत बाजूला पडतो.

दुरून बंद करता येणारे स्मार्ट मीटर कसे वागू शकतात याचा अनुभव उत्तर प्रदेशने घेतला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये जन्माष्टमीच्या दिवशी राज्यातल्या एक लाखाहून अधिक स्मार्ट मीटरधारकांची वीज एकाएकी गेली. त्यांत बिल भरलेले ग्राहकही होते. दूरवरून चुकीची आज्ञा गेली आणि घरांत अंधार झाला. सरकारने चौकशी विशेष कृती दलाकडे सोपवली आणि नवे मीटर बसवणे काही काळ थांबवले. लाइनमन शिडी घेऊन दारात येत असे, तेव्हा त्याला पावती दाखवता येत होती. दूरवरच्या संगणकापुढे पावती धरता येत नाही.

प्रीपेडचे फायदे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. कलम ४७ प्रमाणे प्रीपेड ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. थकबाकीचा डोंगर साचत नाही, त्यामुळे तहसीलमार्फत जमीन महसुलासारखी वसुली होण्याची, म्हणजे आरसी कटण्याची भीतीही उरत नाही. पण याच कलमाची भाषा अशी आहे की, ग्राहक प्रीपेड मीटर घ्यायला तयार असेल तर ठेव नको. उत्तर प्रदेशातली ग्राहक परिषद याच शब्दांवर बोट ठेवून म्हणते की, कायद्याने हा पर्याय ग्राहकाच्या मर्जीवर ठेवला आहे. हे म्हणणे वजनदार आहे. २०२४ साली महाराष्ट्रात विरोध वाढला तेव्हा ऊर्जा खाते सांभाळणाऱ्या देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले होते. मग मर्जीचा प्रश्न झाशीत का विचारू नये? रोजंदारीवर जगणारे घर आठवड्याच्या शेवटी रिकामे असते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या मीटरचे संदेश परगावच्या मुलाच्या फोनवर जातात. प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या रुग्णाला तर दोन तासही फार.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दक्षिणांचल आणि पूर्वांचल या दोन कंपन्या खासगी भागीदारीत देण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि कर्मचारी रस्त्यावर उतरले. झाशीच्या ग्राहकांना त्याची चिंता वाटणे साहजिक आहे. पण दक्षिणांचलच्याच क्षेत्रात, आग्रा शहरात, एप्रिल २०१० पासून टोरंट कंपनी वितरण सांभाळते. भिवंडीत ती २००७ पासून आहे. दोन्हीकडे २००३ चा अधिनियम जसाच्या तसा लागू आहे. मालक कोणीही असो, नोटीस, हरकत आणि सरासरीने भरणा हे हक्क बदलत नाहीत. तक्रार आधी कलम ४२ खालच्या ग्राहक मंचाकडे जाते आणि तिथे दाद मिळाली नाही तर विद्युत लोकपालाकडे.

पंधरा दिवस वाचवायचे तर ते राज्याच्या पुरवठा संहितेत लिहून घेतले पाहिजेत. रक्कम संपत आल्याची आगाऊ सूचना, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पुरवठा थांबवण्याला बंदी, रुग्ण असलेल्या घरांना सवलतीचा काळ, हे सारे कलम ५० खाली लखनौचा आयोग घालू शकतो, कारण वीज तोडण्याचे नियम करण्याचा अधिकार त्या कलमाने त्यालाच दिला आहे. दर ठरवताना कलम ६४ प्रमाणे आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्याच लागतात, आणि प्रीपेडचा मुद्दा तिथेही मांडता येतो. कलम ९४ प्रमाणे ग्राहकांची बाजू मांडायला आयोग त्याला योग्य वाटेल त्या व्यक्तीला नेमू शकतो. ओरछा गेटच्या एखाद्या मोहल्ल्यातल्या शंभर ग्राहकांनी सह्या करून पाठवलेला साधा अर्जही या कामाची सुरुवात करायला पुरेसा आहे. त्यात मीटर क्रमांक, पुरवठा थांबल्याची तारीख आणि वेळ, आणि त्याआधी कोणती सूचना मिळाली होती, एवढे लिहिलेले असावे.