खंडेनवमीची पूजा आणि वर्षभराची निगा

(नाते, ता. महाड येथे कारागीर व शेतकरी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



खंडेनवमीच्या दिवशी कारागीर आपली अवजारे पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. ज्या साधनावर घर चालते त्याच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याची ही रीत फार जुनी आहे. पूर्वी या पाटावर कोयता, कुदळ, रंधा, पटाशी आणि छिन्नी असत. आज त्यांच्या शेजारी ग्राइंडर, ड्रिल मशीन, मार्बल कटर, ग्रासकटर आणि चेनसॉ येऊन बसले आहेत. पूजा तीच राहिली. पण साधनाचा स्वभाव मात्र पूर्णपणे बदलला आहे, याची जाणीव पुरेशी झालेली नाही.

नाते हे गाव रायगडाच्या वाटेवरचे. गडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. ती अक्षरे छिन्नी-हातोड्याने उमटली. छिन्नीचे बळ मनगटाचे असते. मनगट थांबले की छिन्नी थांबते. विजेच्या यंत्राचे बळ त्याचे स्वतःचे असते. बटण बंद केल्यावरही त्याची चकती काही क्षण फिरतच राहते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीची कड त्या वेळी सेकंदाला सुमारे ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. त्या वेगाने सुटलेला तुकडा चुकवण्याइतका अवधी मनुष्याच्या डोळ्याला मिळत नाही. म्हणून डोळ्यांवर सुरक्षा चष्मा आणि चकतीवर गार्ड हवाच.

प्रत्यक्षात काय दिसते? काम अडते म्हणून गार्ड काढून कोपऱ्यात टाकलेला असतो. मोठ्या यंत्राची चकती छोट्या ग्राइंडरला बसवली जाते. लाकूड लवकर कापले जावे म्हणून त्याच ग्राइंडरला करवतीचे दातेरी पाते लावले जाते. हा प्रकार सर्वांत घातक होय. कारण दात लाकडात अडकताच यंत्र हातातून हिसकले जाते आणि समोर कामगाराची मांडी किंवा मान असते. प्रत्येक चकतीवर तिची कमाल फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. कापण्याच्या राळेच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतही लिहिलेली असते. मुदत संपलेली, ओल लागलेली, कडा उडालेली चकती फेकून द्यावी. साऱ्या कामात सर्वांत स्वस्त वस्तू तीच असते आणि काटकसर नेमकी तिच्यावरच केली जाते. ड्रिल चालवताना सैल बाह्या, गळ्यातला रुमाल आणि कापडी हातमोजे दूर ठेवावेत. फिरते टोक कापड पकडते आणि कापडामागून हात ओढला जातो.

कोकणात दुसरा शत्रू पाणी. भिंती ओल्या, जमीन ओली, अंग घामाने भिजलेले. अशा वेळी सोललेली वायर आणि प्लगऐवजी थेट सॉकेटमध्ये खोचलेल्या तारा म्हणजे मृत्यूला आमंत्रण. धातूच्या आवरणाच्या यंत्राला तीन पिनांचा प्लग आणि खरोखर चालणारे अर्थिंग हवे. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी आवरण आहे, असे समजावे. मात्र तेही भिजल्यावर निर्धोक राहत नाही. कामाच्या जोडणीवर ३० मिलिअॅम्पिअरचा ईएलसीबी बसवावा आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. चकती, पाते वा टोक बदलण्यापूर्वी केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लग काढलाच पाहिजे.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या पुराने महाड शहर बुडाले, ही स्मृती ताजी आहे. अशा पुरानंतर चिखलातून निघालेले यंत्र पुसून लगेच सुरू करून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. यंत्र उघडून, स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, जाणत्या वायरमनकडून मेगरने तपासल्याखेरीज त्याला वीज देऊ नये. पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी तर पुन्हा चार्जही करू नये, घरातही ठेवू नये. ती काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आडव्या झालेल्या झाडांनी रस्ते अडवले होते. अशा प्रसंगी मदतीला धावणे हा धर्मच. पण शिकल्यावाचून चेनसॉ हाती घेणे ही सेवा नव्हे. पडलेल्या झाडाचे वाकलेले खोड ताणलेल्या धनुष्यासारखे असते. कोठे दाब आहे व कोठे ताण, हे पाहिल्यावाचून कापले तर ते उसळते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर यंत्रच चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उलटते. साखळीचा ब्रेक काम सुरू करण्यापूर्वी तपासावा, खांद्याच्या वर कापू नये, शिडीवर उभे राहून कापू नये, आणि एकट्याने कापू नये. ग्रासकटर चालत असताना इतरांनी किमान १५ मीटर दूर राहावे. पात्याने उडवलेला खडा गोफणीच्या दगडासारखा जातो.

एक संकट तर रक्तही न सांडता येते. दगड कोरडा कापताना उडणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा करणारे औषध नाही. पाण्याची धार धरून, त्यासाठीच बनवलेल्या यंत्राने कापणे आणि नाकावर योग्य मास्क लावणे हाच उपाय. तोंडाला बांधलेला रुमाल ती धूळ अडवीत नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राला संरक्षक आवरण आणि कामगाराच्या डोळ्यांना संरक्षण देण्याची तरतूद केली. परंतु तो मुळात वीज वापरणाऱ्या, दहा वा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी होता. दोन माणसांच्या वर्कशॉपमध्ये, शेताच्या बांधावर किंवा घराच्या ओटीवर कोणी निरीक्षक येत नाही. तेथे शिस्त स्वतःच लावून घ्यावी लागते. आणि ती मालकाने पाळली तरच शिकाऊ पोरगा पाळतो. वस्ताद उघड्या डोळ्यांनी ग्राइंडर चालवीत असेल, तर पोराला तीच मर्दुमकी वाटते; त्याची किंमत पुढे तो पोरगा आणि त्याचे घर मोजते.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली याच नाते गावी झाला. हिशेबाची शिस्त या गावाला परकी नसावी. पैशाची वही असते, तशी प्रत्येक यंत्राचीही एक वही असावी: कार्बन केव्हा बदलले, वायर केव्हा तपासली, तेल व ग्रीस केव्हा दिले, दुरुस्ती कोणी केली. नादुरुस्त यंत्रावर चिठ्ठी बांधून ते वेगळे ठेवावे, म्हणजे दुसरा कोणी अजाणता ते उचलणार नाही.

या खंडेनवमीला पाटावर यंत्र मांडण्यापूर्वी कोपऱ्यात पडलेला गार्ड शोधून पुन्हा बसवावा, तडकलेली चकती टाकून द्यावी, सोललेली वायर बदलावी, आणि मग फूल वाहावे. पूजेनंतर त्याच यंत्रावर काम करणारा हात दुसऱ्या वर्षीही पाच बोटांनिशी फूल वाहू शकला, तर ती पूजा पावली असे समजावे.