निळे पिंप आणि भाताचा बांध

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या बीएच्या वर्षातली गोष्ट. मे महिना होता आणि आमच्या बिरवाडीच्या घरची विहीर तळाला गेली होती. पाणी साठवायला वडिलांनी भंगारवाल्याकडून एक निळे प्लॅस्टिकचे पिंप आणले. राखेने, मग साबणाने तीनतीनदा घासले. वास गेला, म्हणून आईने त्यात पाणी भरले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने त्याच पाण्याने वजू केला. दुपारपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले, चेहऱ्याची आग होऊ लागली.

डॉक्टरांनी विचारले, ‘‘पिंपात आधी काय होते?’’ आम्हाला सांगता येईना. पिंपावरची चिठ्ठी फाटलेली होती.

आई बरी झाली. वडिलांनी रागाने ते पिंप काळ नदीवर नेऊन पालथे केले. पुढे मी नदीवर पुष्कळ कविता लिहिल्या, कारखान्यांना बोलही लावले. पण आम्ही पालथे केलेले ते पिंप माझ्या एकाही कवितेत आले नाही. आज ते सांगून टाकतो.

आमच्या शेजारीच महाडची एमआयडीसी. गावातल्या कितीतरी चुली तिच्या पगारावर पेटतात. तेव्हा कारखाने नकोत असे मी म्हणणार नाही. रसायन आत येते, ते आत कसे राहते, एवढेच विचारायचे आहे.

रसायनाच्या टाकीभोवती एक बुटकी भिंत असते. कामगार तिला डाइक म्हणतात. आपण भातखाचरवाली माणसे; आपण तिला बांध म्हणू. टाकी फुटली तर सगळे या बांधात अडले पाहिजे. म्हणून बांधात सर्वांत मोठ्या टाकीपेक्षा दहा टक्के जास्त जागा ठेवतात. टाकी दहा हजार लिटरची, तर बांध अकरा हजारांचा. खालच्या जमिनीला तडा नको आणि पाणी काढायची झडप बंद हवी.

खरी परीक्षा पावसाळ्यात. आपल्याकडचा पाऊस काय असतो, तुम्हाला ठाऊकच आहे. पावसाने बांध भरला की रसायनाला जागाच उरत नाही. मग ते पाणी आधी तपासायचे, स्वच्छ असेल तरच सोडायचे आणि झडप पुन्हा बंद करायची. हे शेवटचे काम राहिले, की लाखो रुपयांची भिंत नुसती शोभेची. उघड्या झडपेतून सांडलेले रसायन पावसाच्या गटारात, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून काळ नदीत, तिथून सावित्रीत आणि थेट बाणकोटच्या खाडीत.

दुसरी गोष्ट शेजाराची. काही रसायने एकमेकांशेजारी ठेवायची नसतात. घरातही संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली, तर क्लोरीन वायू सुटतो. गोदामात तर टनांचा हिशेब. भोपाळला १९८४च्या डिसेंबरात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि एका रात्रीत हजारो घरे उजाड झाली. त्यानंतर १९८६चा पर्यावरण कायदा आला आणि १९८९मध्ये धोकादायक रसायनांच्या साठवणीचे नियम झाले. ठरावीक मर्यादेहून जास्त साठा असेल, तर अपघातात काय करायचे याचा आराखडा कारखान्याने तयार ठेवायचा आणि आसपासच्या लोकांना माहिती द्यायची, असे ते नियम सांगतात. म्हणजे विचारण्यात उद्धटपणा नाही. तो आपला हक्क आहे.

हे सारे दूरचे नाही. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या एमआयडीसीत ब्लू जेट हेल्थकेअर या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. रसायनांची पिंपेही फुटली. कामावर गेलेली माणसे घरी परतली नाहीत.

आणि रिकामे पिंप? ते रिकामे नसतेच. २०१६च्या नियमांनी रसायनाने माखलेले पिंप हा धोकादायक कचरा ठरवला आहे. तो परवानाधारकाकडेच जायला हवा. भंगारात विकणारा चुकतो, स्वस्त म्हणून घेणाराही फसतो आणि नदीवर पालथे करणारा, म्हणजे आम्ही, तोही सुटत नाही.

याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाणी सगळ्यांचे आहे, हे साऱ्या देशाला सांगितले. सगळ्यांचे असेल, तर ते राखणेही सगळ्यांकडे आले.

म्हणून कामगार बांधवांना विनंती, पाळी संपवून निघताना ती झडप एकदा बघा. मालकांना विनंती, झडप बघायला थांबलेल्या माणसाला ‘वेळ घालवतोस’ म्हणू नका. आणि घरोघरच्या मंडळींना विनंती, चिठ्ठी फाटलेले पिंप उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

त्या उन्हाळ्यानंतर आई कित्येक दिवस वजूचे पाणी ओंजळीत घेई, आधी त्याचा वास घेई आणि मगच तोंडाला लावी. पाण्याची अशी भीती कुणाच्याही आईला वाटू नये.