ज्योत पिवळी झाली, आता काय करायचं?

आज इअरफोन लावून थेट स्वयंपाकघरात या. शेगडी पेटवा आणि नुसती ज्योत बघा. निळी आहे की पिवळी? आजचा विषय एवढाच. मी शेगड्या दुरुस्त करतो. कुणाच्याही घरी गेलो की आधी ज्योत बघतो, मग पाना काढतो.

कसं असतं बघा. जेटच्या बारीक भोकातून गॅस जोरात येतो आणि जाता जाता हवा ओढून घेतो. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी, आटोपशीर. कमी पडली की पिवळी, लांबडी, आणि भांड्याचं बूड काळं. मीठ किंवा भाताचं पाणी सांडून क्षणभर पिवळं चमकलं तर सोडून द्या. कायम पिवळी राहिली तर मात्र थांबा.

कारण गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही! डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो, पित्त झालं असेल. एका खोलीत तिघं-चौघं राहत असाल, थंडीत खिडकी लावून स्वयंपाक करत असाल, तर हे खास तुमच्यासाठी. असा त्रास झाला तर गॅस बंद करा, सगळे मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना गाठा.

आता घरी काय करायचं? आधी नॉब बंद, मग रेग्युलेटर बंद. बर्नर पूर्ण गार होऊ द्या. वरची टोपी काढून कोमट साबणाच्या पाण्यात घासा, भोकं ब्रशने मोकळी करा. नीट वाळवा, जागच्या जागी बसवा. बऱ्याचदा एवढ्यावरच ज्योत निळी होते.

नाही झाली, तर पुढचं काम मेकॅनिकचं. जेटमध्ये सुई, टाचणी घालू नका. भोक जरा मोठं झालं की गॅस जास्त येणार, ज्योत आणखी पिवळी होणार. पेटत्या शेगडीखाली हात घालून हवेची झडप फिरवायची नाही. आणि पाइपलाइनच्या गॅसचं जेट मोठं असतं, सिलिंडरचं बारीक. त्यामुळे घर बदललं आणि गॅस बदलला, तर जेट बदलून घेतल्याशिवाय शेगडी लावू नका.

काम झाल्यावर जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती. काडी पेटवून तपासणं अजिबात नको.

वास आलाच तर? नॉब, रेग्युलेटर बंद. दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं बटण चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून वर वास कमी वाटला तरी गाफील राहू नका. बाहेर पडा, लांब जा आणि मगच फोन काढा. सिलिंडरच्या गळतीसाठी नंबर १९०६, चोवीस तास चालू. आत्ताच सेव्ह करा, मी थांबतो.

केलात? छान. हा भाग रूममेटलाही ऐकवा. भेटू पुढच्या वेळी!