थकवा म्हणजे आळस नव्हे



सोयाबीनची सोंगणी चालू होती. आमच्या गटातली एक मैत्रीण बांधावर बसूनच राहायची. "अंगात जीवच नाही," म्हणायची. घरी सासूबाई म्हणायच्या, "आळशी झाली." आम्हीही तेच धरून चाललो होतो, हे आज कबूल करतो. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, तरी फरक पडेना. वजन वाढलं, केस गळू लागले, आवाज घोगरा झाला, भर दुपारीही तिला गार वाटायचं. शेवटी रक्त तपासलं तेव्हा कळलं, तिचा थायरॉइड मंदावला होता.

"थायरॉइड झालाय" असं आपण म्हणतो. खरं तर थायरॉइड प्रत्येकीला असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. ती जो रस रक्तात सोडते, त्यावर शरीराची चूल किती पेटायची ते ठरतं. रस कमी पडला की चूल मंद होते. मग थकवा येतो, थंडी सोसत नाही, शौचाला साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, विसरायला होतं, मन उदास राहतं. पाळीत जास्त रक्त जातं. कुणाला दिवस राहत नाहीत. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कारणानेही येऊ शकतं, म्हणून अंदाज करू नका, रक्त तपासा.

हे होतं कशामुळे? आपल्या शरीराची राखण करणारी शक्तीच कधी चुकून या ग्रंथीवर उलटते. आज बहुतेक बायांमध्ये हेच कारण सापडतं. हा दोष घराण्यातही चालतो, म्हणून आई, बहीण, मावशीला असेल तर डॉक्टरांना सांगा. ग्रंथीचं ऑपरेशन झालं असेल किंवा काही औषधं चालू असतील, तरी ती मंदावते.

दुसरं कारण आयोडीनची कमतरता. यातून गळ्याला गाठ येते, तिला आपण गलगंड म्हणतो. त्यासाठीच 1962 साली देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि मिठात आयोडीन घालायला लागले. मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे सुईच्या टोकाएवढंच आयोडीन लागतं. पण ते रोज लागतं. बाजारातलं सुटं खडे मीठ आणि उपवासाचं शेंदेलोण यांत ते पुरेसं असेलच असं नाही. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ घ्या आणि चुलीपासून लांब, झाकणाच्या बरणीत ठेवा. मात्र आजार आधीच झाला असेल तर जास्त मीठ खाऊन तो बरा होत नाही.

तपासणी रक्ताची असते, तिला टीएसएच म्हणतात. मुकादमाचं उदाहरण घ्या. मजूर सुस्तावला की मुकादम जास्त ओरडतो. मेंदूतला मुकादम म्हणजे टीएसएच. ग्रंथी सुस्तावली की टीएसएच वाढतो. म्हणून आकडा जास्त आला तर थायरॉइड "वाढला" असं समजू नका, तो मंदावलेला असतो. सोबत टी-फोर तपासून डॉक्टर निदान पक्कं करतात. नमुना कुठे घेतात ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

उपचार एका लहान गोळीचा आहे. तिचं नाव लेव्होथायरॉक्सिन. ग्रंथी जो रस बनवू शकत नाही, तोच ही गोळी देते. ती पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. सोयाबीनच्या पदार्थांनीही तसंच होतं, म्हणून तेही गोळीला लागून खाऊ नका. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. शेजारणीची मात्रा आपल्याला चालत नाही.

आमच्या मैत्रिणीची खरी चूक पुढे झाली. दोन-तीन महिन्यांत बरं वाटलं आणि तिने गोळी बंद केली. काही महिन्यांत तोच थकवा पुन्हा आला. बरं वाटलं ते गोळीमुळे, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. बहुतेकींना ती जन्मभर लागते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चष्मा लागला तर आपण रोज घालतोच ना! ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी निघण्याआधी डॉक्टरांना सांगून पुरतील एवढ्या गोळ्या सोबत घ्याव्यात.

आणि पोटुशी बाईची गोष्ट वेगळी. पहिले काही महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच रसावर चालते. म्हणून दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना भेटा, गोळीची मात्रा बहुधा वाढवावी लागते. गोळी बंद मात्र करायची नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकमेकींना एवढंच विचारू या: "तुला बरं आहे ना?" कुणी "लई थकवा येतो गं" म्हणाली, तर तिला आळशी म्हणायचं नाही. तिला सोबत घेऊन दवाखान्यात जायचं. आमच्या मैत्रिणीला आम्ही उशिरा नेलं. तुम्ही उशीर करू नका.