अकराव्या दिवसाची साधना

इगतपुरीला विपश्यना शिबिरात दहा दिवस मौनात बसून आलेले बरेच जण या सभेत असतील. त्या दहा दिवसांचं मोल मोठं आहे. पण घरी परतल्यावर अकराव्या दिवशी काय करायचं, याविषयी मला आज बोलायचं आहे.

त्यासाठी एका सरकारी अधिकाऱ्याची ओळख करून देतो. सयाजी ऊ बा खिन. महालेखापालांच्या कचेरीत त्यांनी कारकुनी केली आणि १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तिथलेच महालेखापाल झाले. बायकामुलांचा संसार होता. त्यांचे गुरूही भिक्षू नव्हते, रंगूनजवळच्या गावातले भातशेती करणारे गृहस्थ होते. ऊ बा खिन यांनी आपल्या कचेरीतच विपश्यनेचं मंडळ सुरू केलं, कर्मचाऱ्यांना साधना शिकवली आणि १९५२ साली रंगूनमध्ये केंद्र उभारलं. निवृत्त झाले ते १९६७ साली. म्हणजे इतकी वर्षं फायली आणि साधना बरोबरीनं चालल्या.

१९५५ साली अर्धशिशीनं बेजार झालेले व्यापारी सत्यनारायण गोयंका त्यांच्याकडे गेले. नुसत्या डोकेदुखीसाठी येणार असाल तर ही विद्या वाया जाईल, असं त्यांना ऐकावं लागलं. याच गोयंकांनी १९६९ साली मुंबईत भारतातलं आपलं पहिलं शिबिर घेतलं. आज ताण घालवण्याचा उपाय म्हणून ध्यान घेतलं जातं, तेव्हा मला ऊ बा खिन यांचा तो नकार आठवतो. ताण जरूर हलका होतो. पण सकाळी तासभर बसलेला माणूस दहा वाजता कचेरीत खिडकीपलीकडच्या म्हाताऱ्यावर खेकसत असेल, किंवा फाईल पुढे सरकवायला हात पुढे करत असेल, तर त्या तासाला पायाच नाही. बुद्धांच्या मार्गात शील आधी येतं, समाधी त्यानंतर.

शिवाय साधना बैठकीपुरती नाही. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या जागरूकतेविषयीच्या उपदेशात, बसण्याइतकंच चालणं, वाकणं, जेवणं, शौचाला जाणं, बोलणं आणि गप्प राहणं हेही जाणतेपणानं करायला सांगितलं आहे. हा उपदेश कुरुदेशात झाला. तिथले लोक कसे होते, हे अट्ठकथेत, म्हणजे सुत्तावरच्या जुन्या टीकेत, आलं आहे. पाणवठ्यावर, सूत कातताना नोकरचाकरसुद्धा सतिपट्ठानाविषयी बोलत. एखादी बाई ‘मी काहीच करत नाही’ म्हणाली, तर बाकीच्या तिला रागावत आणि तिथल्या तिथे शिकवत. मला हे वर्णन फार प्रिय आहे. साधनेची चौकशी तिथे शेजारधर्मासारखी होती.

मग आपण काय करावं? सकाळ-संध्याकाळची बैठक मोडू नये. आणि दिवसभरात राग आला की आधी श्वास पाहावा. तो भरभर चालू असतो, कान तापलेले असतात, छाती आवळलेली असते. तेवढं जाणावं. ते बदलतं, ओसरतं. उत्तर त्यानंतर द्यावं. खरंच कठोर बोलणं भाग असेल तर तेही बोलावं, पण समोरच्याचं भलं मनात ठेवून. उद्यापासून घरी, जिथे आपण सर्वांत जास्त चिडतो, तिथे हे करून पाहा.