रविवारच्या सूचना

(८ मार्चच्या निमित्ताने महिला संघटनांच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आयोजकांनी मला विषय दिला होता ‘धर्मसंस्था आणि स्त्रिया’. विषय फार मोठा आहे. मी तेवढं मोठं बोलणार नाही. मी एका कागदाबद्दल बोलणार आहे.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं चर्च आहे. चर्चच्या सभासदांना मिळून आम्ही ‘मंडळी’ म्हणतो. रविवारी उपासना संपत आली की मंडळीचे सेक्रेटरी उठतात, चष्मा लावतात आणि एक कागद वाचतात. त्याला ‘सूचना’ म्हणतात. शाब्बाथशाळा किती वाजता, तरुण संघाची सहल कधी, बुधवारची प्रार्थना कोणाच्या घरी, कोण आजारी आहे, कोणाकडे बाळ झालं, कोण वारलं. गावाची सगळी खबर त्या एका कागदात असते. लहानपणी मला उपदेशापेक्षा सूचना जास्त आवडायच्या, कारण त्यांत ओळखीची नावं यायची.

एम.एस.डब्ल्यू. करून परत आले तेव्हा तोच कागद मी वेगळ्या कानांनी ऐकायला लागले. उपकारस्तुतीचा सण घ्या. सुगीनंतर लोक धान्य, भाज्या, अंडी, कोंबड्या आणून चर्चमध्ये अर्पण करतात आणि मग आवारात त्यांचा लिलाव होतो. सूचनेत असतं, ‘भगिनी मंडळाने जेवणाची व्यवस्था करावी.’ नाताळ आला, ‘भगिनी मंडळाने फराळाची व्यवस्था करावी.’ पाहुणे येणार, ‘भगिनींनी सजावट करावी.’ लिलावाचे पैसे कशावर खर्च करायचे, हे मात्र पंच कमिटी ठरवते. तिथे पंधरा माणसं आणि त्यांत बायका दोन. त्यातल्या एकीला चहाचं बघायला सांगतात. कामाच्या सूचना बायकांना, निर्णयाच्या सूचना पुरुषांच्या. तुमच्या गावात गणपती मंडळ असेल, जयंती उत्सव असेल, उरूस असेल, तिथेही बहुधा हेच दिसेल.

हे आमच्या इतिहासाला शोभणारं नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. सिंथिया फॅरारबाईंच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ साली त्यांनी आपली शाळा काढली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, ते छापणाऱ्या बायकाच होत्या, त्यांतल्या कितीतरी घरातून टाकलेल्या किंवा विधवा. ते पूर्ण बायबल १९२४ मध्ये, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालं. याच रमाबाईंनी इंग्लंडमध्ये असताना पुरुषांना शिकवावं की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली होती. म्हणजे बाईच्या विद्वत्तेचा अभिमान आणि तिच्या अधिकाराची भीती, दोन्ही आमच्याकडे शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. २०१३ साली दक्षिण भारताच्या चर्चमध्ये ई. पुष्पा ललिता पहिल्या महिला बिशप झाल्या. आमच्या पंच कमिटीत अजून चहाच चालू आहे.

पण वर्षातला एक कार्यक्रम बायकांच्या हातात असतो. मार्चचा पहिला शुक्रवार, जागतिक प्रार्थना दिन. दर वर्षी एका देशातल्या ख्रिस्ती स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहितात आणि ती जगभर वापरली जाते. २०२३ मध्ये तैवानच्या बायकांनी लिहिली, २०२४ मध्ये पॅलेस्टाइनच्या. त्या दिवशी सगळं आमच्याकडे बायकाच चालवतात. या दिवसाचं सूत्र असं की आधी माहिती घ्या, मग प्रार्थना करा आणि प्रार्थनेनंतर काहीतरी करा. तारीख तुमच्या ८ मार्चच्या किती जवळ आहे बघा. तरी इतकी वर्षं दोन्ही कार्यक्रम एकाच गावात, एका आठवड्याच्या अंतराने झाले आणि एकमेकींना कोणी बोलावलं नाही.

आता एका बाईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही.

ती आमच्या भगिनी मंडळात होती. नवरा पंच कमिटीत. दर महिन्याच्या सभेत शेवटी प्रार्थनेसाठी विषय विचारतात. कोणी म्हणतं मुलाची परीक्षा, कोणी म्हणतं सांधेदुखी. ती दर वेळी एवढंच म्हणायची, ‘माझ्या घरासाठी प्रार्थना करा.’ आम्ही करायचो. जवळजवळ वर्षभर हेच. उपकारस्तुतीच्या सणाला दोनशे माणसांचा स्वयंपाक तिने डाव्या हाताला फडकं बांधून केला. विचारलं तर म्हणाली, भाजलं. पुढच्या रविवारी सूचनांत भगिनी मंडळाचे आभार मानले गेले, तिचं नाव घेऊन.

आमच्यात एक निवृत्त नर्स आहेत. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. चाळीस वर्षं जखमा बांधलेल्या बाईला भाजलेलं आणि मारलेलं यातला फरक कळतो. एका सभेत तिने पुन्हा ‘माझ्या घरासाठी’ म्हटलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, ‘प्रार्थना करूच गं. पण झालंय काय, ते तर सांग. देवाला ठाऊक आहे, आम्हाला नाही.’

ती खूप वेळ गप्प बसली. मग बोलली.

मी समाजकार्य शिकलेली बाई त्याच सभेत वर्षभर बसत होते. मला तो प्रश्न सुचला नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

पुढचं सोपं नव्हतं. चौकीवर सांगण्यात आलं, ‘तुमचं तुम्ही चर्चमध्ये मिटवा.’ चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, ‘क्षमा करायला शिकवलंय आपल्याला.’ सिस्टर म्हणाल्या, ‘क्षमा ती करेल, साहेब. आधी त्याचा हात तर थांबू द्या.’ लग्न चर्चमध्ये झालेलं, नोंद चर्चच्या रजिस्टरला. त्या दाखल्याची प्रत मिळायला तीन आठवडे गेले. कमिटीतले काही म्हणाले, मंडळीचं नाव खराब होईल. आम्ही संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला मंडळातल्या दोघी तिच्यासोबत बसायच्या, कोण कधी ते आम्ही वहीत लिहून ठेवायचो. तिला त्याच घरात राहण्याचा आदेश मिळाला, खर्चाची रक्कम ठरली. ती आजही रविवारी तिसऱ्या बाकावर बसते. काही बायका तिच्याशी बोलत नाहीत. हेही खरं आहे.

इथे कायद्याचं थोडं सांगते, कारण ख्रिस्ती बाई आपल्या केंद्रात आली की कार्यकर्त्या गोंधळतात. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरायचं. बायकोला मात्र व्यभिचार आणि त्यासोबत क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं, असं दोन्ही सिद्ध करावं लागे. माझ्या आत्याला नवऱ्याने टाकलं ते नव्वदच्या सुमारास. वकिलांनी सांगितलं, नुसतं टाकल्याने भागत नाही, दुसरी बाई दाखवा. ती कुठून दाखवणार? तशीच राहिली, सधवा ना विधवा. १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही अट उडवली. २००१ साली संसदेने कायदा बदलला. आता क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं, यांतलं एक कारणही पुरतं आणि परस्परसंमतीने घटस्फोटही मिळतो. कॅथलिक बहिणींच्या बाबतीत लक्षात ठेवा, चर्चच्या न्यायमंडळाने लग्न रद्द ठरवलं तरी दिवाणी कायद्यात ते लग्न मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आणि हिंसाचाराचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांचा आहे.

पण आमच्या बाईला कायद्याआधी माणसं लागतात. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार-मांग समाजांतून आलेले. १९५० च्या आदेशातल्या अनुसूचित जातींच्या सवलतींत १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. गावाच्या लेखी जात गेली नाही, सरकारच्या लेखी गेली. अशा बाईला मंडळी म्हणजे नातेवाईक, शेजार, मुलांची शाळा, मयतीला येणारी माणसं. ‘चर्च सोड आणि मोकळी हो’ असा सल्ला आपल्यातल्या एका मैत्रिणीने तिला दिला होता, चांगल्या मनाने. तिने मला विचारलं, ‘सोडून जाऊ कुठं?’ मला उत्तर देता आलं नाही.

तिच्या प्रकरणानंतर आम्ही भगिनी मंडळात ठरवलं की सूचनांच्या कागदात आपली एक ओळ हवी. ओळ अशी: ‘घरात मारहाण होत असेल त्या बहिणींनी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भगिनी मंडळाकडे यावे, बोलणे बाहेर जाणार नाही.’ कमिटीने ओळ मान्य केली, एक शब्द सोडून. ‘मारहाण’ नको, ‘अडचण’ लिहा. पवित्र जागी हा शब्द बरा दिसत नाही म्हणे.

चार महिने या एका शब्दावर वाद चालला. आम्ही म्हटलं, अडचण म्हणजे रेशन कार्डाचीही असते. जिला मार बसतो तिला आपल्याबद्दल बोलतायत हे कळलं पाहिजे. आणखी एक गोष्ट सिस्टरनी काढली. लग्न ठरलं की आपण सलग तीन रविवार ते जाहीर करतो आणि विचारतो, कोणाला हरकत आहे का? जोडताना तीन रविवार विचारता, मग त्या घरात बाई मार खाते तेव्हा एकदाही विचारायला नको? कमिटीत यावर कोणी बोललं नाही. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, वाचू द्या. सेक्रेटरींनी मात्र वाचायला नकार दिला. मग सिस्टर पुढे गेल्या आणि त्यांनी वाचलं. ‘मारहाण’ हा शब्द आमच्या चर्चमध्ये मी पहिल्यांदा ऐकला तो त्या रविवारी. मागच्या बाकांवर अगदी शांतता होती.

पहिल्या शनिवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या महिन्यात दोघी आल्या. त्यांतली एक आमच्या मंडळीची नव्हतीच, शेजारच्या वस्तीतली होती. तिला कोणीतरी सांगितलं होतं, चर्चमध्ये असं वाचतात म्हणून.

तर मैत्रिणींनो, तुम्हाला माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. आपल्या केंद्राच्या माहितीपत्रकात ख्रिस्ती विवाह आणि घटस्फोटाच्या कायद्याचं एक पान घाला. रविवारी सकाळी बैठक ठेवू नका, आमच्या बायका येऊ शकत नाहीत, आणि मग ‘त्या येतच नाहीत’ असं आपण म्हणतो. आणि पुढच्या मार्चमध्ये, पहिल्या शुक्रवारी, आमच्याकडे या. श्रद्धा असायची अट नाही. प्रार्थना करू नका, मागच्या बाकावर बसा, नंतर चहाला थांबा. चहाच्या वेळीच बायका बोलतात. आम्ही ८ मार्चला तुमच्याकडे येऊ.

प्रत्येक गावात असा एक कागद वाचला जातो. देवळात, मशिदीत, विहारात, ग्रामसभेत. तो कोण लिहितं आणि त्यात कोणता शब्द चालत नाही, एवढं आपापल्या गावी जाऊन बघा. आमच्याकडे तो शब्द आता दर महिन्याला वाचतात. सेक्रेटरीही वाचतात. थोडं भरभर वाचतात, पण वाचतात.