मित्रवाहिनी : दोन सेना, एक सेनापतित्व



१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात जनरल नियाझी यांनी स्वाक्षरी केलेल्या शरणागतिपत्रात भारतीय सैन्यासोबत बांगलादेशाच्या सैन्याचाही उल्लेख आहे. ही जोड केवळ शिष्टाचाराची नव्हती. त्यामागे नऊ महिन्यांचा सहवास होता आणि तो सर्वस्वी सुखाचा नव्हता.

एक सेना नियमित, शिस्तबद्ध, रणगाडे व विमाने बाळगणारी. दुसरीत बंड करून बाहेर पडलेले बंगाली सैनिक आणि त्यांच्या जोडीला विद्यार्थी व शेतकरी. मुक्तिवाहिनीला अवजड शस्त्रे हवी होती, तीही तातडीने. भारतीय सेनानींना पावसाळा सरेपर्यंत आणि हिमालयातील खिंडी बर्फाने बंद होईपर्यंत थांबायचे होते. आपली घरे जळत असलेल्यांना हा हिशेब कसा पटावा? त्यातच मेजर जनरल उबान यांच्या देखरेखीखाली घडलेली ‘मुजीब वाहिनी’ मुक्तिवाहिनीचे प्रमुख कर्नल उस्मानी यांच्या अधिकाराबाहेर राहिली. ही व्यवस्था सदोषच होती. एकाच रणभूमीवर दोन हुकूम चालू लागले की संशयाला वाव मिळतो.

परंतु जिथे ज्याचे काम त्याला मिळाले, तिथे चित्र निराळे दिसले. फ्रान्समधील तुलाँ बंदरात पाकिस्तानी पाणबुडी सोडून निसटलेले आठ बंगाली नाविक भारतात आले. ज्या पलाशीने १७५७ साली बंगालचे पारतंत्र्य पाहिले, तिथेच भागीरथीच्या पात्रात भारतीय नौदलाने बंगाली तरुणांना जलसुरुंगांचे शिक्षण दिले. ऑगस्टच्या मध्यास चितगाव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज येथील जहाजांवर एकाच वेळी घाला पडला. इशारा होता आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून लागलेल्या गाण्यांचा! सुरुंग व शिक्षण भारताचे. पण भरती-ओहोटीची जाण आणि रात्री दार उघडणारे गावकरी मुक्तिवाहिनीचे.

युद्ध पेटताना दोन्ही दले लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या संयुक्त सेनापतित्वाखाली आली. ११ डिसेंबरला टांगाईलजवळ छत्रीधारी उतरले, ते दुसऱ्या पॅरा पलटणीचे. ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण. खाली कादर सिद्दिकी यांच्या गनिमांचा वावर होता. वाऱ्याने पांगलेले साहित्य गोळा करायला गावकरी धावले. त्याच संध्याकाळी पुंगली पूल हाती आला आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट अडली. अनोळखी मुलखात, वैरी जनतेत उतरलेल्या पलटणीला हे इतक्या त्वरेने साधते ना.

रमणा मैदानावरील समारंभास उस्मानी नव्हते. ग्रुप कॅप्टन खोंदकर हजर राहिले. बांगलादेशात त्या अनुपस्थितीची खंत पुढे दीर्घकाळ बोलून दाखवली गेली, आणि ती अगदीच अकारण म्हणता येणार नाही. भारतीय सेनेने मात्र तिथे तळ ठोकला नाही. मार्च १९७२ मध्ये ढाक्यात निरोपाचे संचलन झाले आणि पलटणी मायदेशी परतल्या.